वर्णमालेतला ङ

शाळेत क, ख, ग, घ म्हणून झालं की पाचव्या घरात ङ यायचा. तक्त्यावर क कमळाचा होता, ग गवताचा होता, घ घराचा होता. ङ च्या चौकोनात मात्र नुसतं अक्षर होतं, चित्र नव्हतं. बाई म्हणायच्या, याचा शब्द नाही, नुसतं पाठ करा. आम्ही पाठ केलं. पुढे ‘वाङ्मय’ लिहिताना तो भेटायचा, तेवढाच. ‘रंग’, ‘अंग’ म्हणताना तो नाकातून जातो खरा, पण तिथेही टिंबाच्या आडून. शब्दाच्या अगदी सुरुवातीला उभा राहिलेला ङ मी पस्तिशीपर्यंत ऐकला नव्हता.

तो ऐकला ऑकलंडमधल्या एका रेस्ट होममध्ये, २००५ साली. न्यूझीलंडला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि वृद्धांच्या त्या निवासात मी केअरगिव्हर म्हणून दुपारच्या शिफ्टला जायचे. कोपऱ्यातल्या खोलीत एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आजी होत्या. सगळे त्यांना नॅन म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत. मूळच्या उत्तरेकडच्या, होकिआंगाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, तू कुणाकडची? मी माझं सांगितलं. मग त्यांनी आपलं सांगितलं: “ङापुही.” न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडे राहणाऱ्या, संख्येने सगळ्यांत मोठ्या माओरी जमातीचं हे नाव.

“म्हणून दाखव,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बहुतेक लोक त्या ङ चा न करतात, नाहीतर त्यात ग घुसवतात. माझ्या तोंडून तो सरळ निघाला, कारण तो मला पाठ होता. इतकी वर्षं नुसता पाठ करून ठेवलेला, आणि त्याचं घर इथे पॅसिफिकच्या या टोकाला होतं.

त्या दिवसापासून आमचं जमलं. माओरी भाषेचे पाच स्वर आपल्याच अ, ए, इ, ओ, उ सारखे, आणि त्यांच्यातही ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. दोन्ही आ लांब म्हटले की ‘काका’ म्हणजे रानातला तपकिरी पोपट. आमच्याकडे काका म्हणजे वडिलांचा भाऊ, हे मी सांगितल्यावर नॅन पुष्कळ वेळ हसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आपल्या मुलीला फोनवर सांगितलं. मी एक दोनशे पानी वही केली. त्या बोलतील ते शब्द मी त्या वहीत देवनागरीत उतरवायचे. रोमन लिपीत दीर्घ स्वर दाखवायला अक्षरांच्या डोक्यावर रेघ काढावी लागते. आपल्याकडे काना आणि वेलांटी आहेतच.

*

नॅनच्या खोलीत एक जुना, जाडजूड टीव्ही होता. रोज दुपारनंतर त्यांना ‘ते कारेरे’ लावून द्यावं लागे. सरकारी वाहिनीवरच्या माओरी भाषेतल्या रोजच्या बातम्या. माझ्या कामाच्या यादीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण आधीच्या शिफ्टची बाई मला काम सोपवताना सांगून गेली होती की बाकी काही पुढेमागे झालं तर चालेल, हे चुकवू नकोस.

मी चुकवलं नाही, आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. बातम्या चालू असताना नॅनचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. आधी मला वाटलं त्या प्रार्थना म्हणतात. पण बातमी होती मासेमारीच्या कोट्याची, त्यानंतर एका शाळेच्या कबड्डीसारख्या गर्दीच्या खेळाची, मग हवामानाची. त्या निवेदिकेच्या मागोमाग वाक्यं म्हणत होत्या. ऑकलंडच्या उपनगरात, जिथे दिवसभर कानावर इंग्रजीच पडतं, तिथे दहा-पंधरा मिनिटं त्यांची जीभ आपल्या रस्त्याने चालून येत होती.

मी एकदा विचारलं, तुम्ही मुलीशी फोनवर इंग्रजीत का बोलता? उत्तर द्यायला त्यांनी दोन दिवस घेतले. मग एका संध्याकाळी, पाय चोळून देत असताना, आपणहून सांगितलं. शाळेत पहिल्या वर्गात असताना त्यांनी बाहेर जाण्याची परवानगी मागितली, ती माओरीत, कारण दुसरी भाषा येतच नव्हती. हातावर छडी बसली. परवानगी मिळाली नाही. पुढे काय झालं ते पाच वर्षांच्या मुलीचं होतं ते झालं, सगळ्या वर्गासमोर. “माझ्या मुलांवर ती वेळ येऊ द्यायची नव्हती,” एवढंच त्या म्हणाल्या.

नंतर मी वाचत गेले तेव्हा कळलं की ही एका बाईची हकिकत नाही. १८६७ च्या कायद्याने माओरी गावांत ज्या शाळा उभ्या राहिल्या त्यांचं माध्यम इंग्रजी होतं, आणि शाळेच्या आवारात मातृभाषा बोलल्याबद्दल मारण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. नॅनच्याच उत्तरेकडचे सर जेम्स हेनारे, दुसऱ्या महायुद्धातल्या माओरी बटालियनचे शेवटचे कमांडर, यांनी १९८५ मध्ये, माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइताङी न्यायाधिकरणासमोर साक्ष देताना आपली शाळा आठवली होती. त्यांना रानात पाठवून वेल तोडून आणायला लावत, आणि त्याच वेलीचे फटके माओरी बोलल्याबद्दल त्यांना मिळत. पोट भरायचं तर इंग्रजीच बोललं पाहिजे, असं त्यांना बजावलं जाई. पुढे याच माणसाने रणांगणावर देशासाठी पलटण चालवली.

१९१३ मध्ये शाळेत जाणाऱ्या माओरी मुलांपैकी ९० टक्के मुलांना आपली भाषा येत होती. १९५३ मध्ये २६ टक्के. १९७५ मध्ये ५ टक्क्यांहून कमी. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते नॅनच्या घरात लावून बघावेसे वाटले, आणि ते तंतोतंत लागले. पहिल्या आकड्यात त्यांचे आईवडील, दुसऱ्याच्या आसपास त्या स्वतः आई होत होत्या, तिसऱ्यात त्यांची मुलं. छडीने भाषा मेली नाही. छडीने आयांना घाबरवलं, आणि मग आयांनी प्रेमापोटी तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं. मला यातला सगळ्यांत दुखरा भाग हाच वाटतो. लेकराच्या भल्यासाठी केलेल्या गोष्टीचा दोष कुणाला द्यायचा?

*

दर रविवारी नॅनची मुलगी यायची आणि तिच्याबरोबर तीन वर्षांची पणती. पणती ‘कोहाङा रेओ’त जात होती. कोहाङा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाताला पहिलं असं घरटं सुरू झालं: ज्यांना भाषा येते त्या आज्या आणि ज्यांची जीभ अजून कोवळी आहे ती बाळं, दोघांना एका खोलीत आणायचं आणि मधली गाळलेली पिढी तेवढ्यापुरती ओलांडून जायचं. ती छोटी आली की नॅनच्या मांडीवर बसून भराभरा माओरीत बोलायची. नॅन उत्तर द्यायच्या. मधल्या खुर्चीत बसलेली पन्नाशीतली मुलगी दोघींकडे आळीपाळीने बघत राहायची. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. आनंदाने फुललेला आणि त्याच वेळी दाराबाहेर थांबलेल्या माणसाचा.

तिच्यासाठीच खरं तर तो नवा चॅनल होता, असं मला आज वाटतं. २८ मार्च २००४ रोजी ऑकलंडच्या न्यूमार्केटमधून माओरी टेलिव्हिजन सुरू झालं होतं. आमच्या रेस्ट होममध्ये ते नीट दिसायला लागलं तेव्हा मुलगी रविवारी मुद्दाम थांबून कार्यक्रम बघायची. खाली इंग्रजी अक्षरं येत, ती वाचून झाली की ती डोळे वर उचलून निवेदकाच्या ओठांकडे बघायची. आई आणि मुलगी दोघी त्याच पडद्याकडे बघत. एक ऐकत होती, एक शिकत होती, आणि पाचेक मिनिटांनी मुलगी विचारायची, आई, तो काय म्हणाला? वयाच्या पन्नाशीत तिला आईला हे विचारायला एक निमित्त मिळालं होतं.

*

हे निमित्त कुणी आपणहून दिलेलं नाही. या बाबतीत माझं मत पक्कं आहे आणि ते मी लपवत नाही: सार्वजनिक माध्यमांत माओरींना जी जागा मिळाली ती इंच इंच लढून मिळाली.

१४ सप्टेंबर १९७२ रोजी हाना ते हेमारा आणि त्यांच्या बरोबरची तरुण मंडळी, ‘ङा तामातोआ’ ही तरुण माओरींची संघटना आणि वेलिंग्टनच्या विद्यापीठातली भाषाप्रेमी मुलं, तीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज घेऊन संसदेच्या पायऱ्यांवर गेली. मागणी इतकीच की शाळांत माओरी शिकवा. १९८४ मध्ये नाइडा ग्लाविश नावाची टेलिफोन ऑपरेटर ऑकलंडच्या एक्स्चेंजमध्ये फोन उचलून ‘किआ ओरा’ म्हणत होती. वरिष्ठांनी सांगितलं, बंद कर. तिने केलं नाही. तिला त्या जागेवरून हलवलं, देशभर वाद झाला, लोक मुद्दाम फोन करून ‘किआ ओरा’ म्हणायला लागले, आणि शेवटी पंतप्रधानांपर्यंत जाऊन बंदी उठली. ‘किआ ओरा’ म्हणजे ‘तू जिवंत राहा, बरा राहा’. आमच्या रेस्ट होमच्या ऑफिसात फोन उचलताना मी हे शब्द रोज म्हणते, आणि मी इथे येण्याच्या वीस वर्षं आधी यासाठी नोकरी पणाला लागत होती हे कळल्यापासून ते जरा सावकाश म्हणते.

मग कायद्याची लढाई. ब्रिटनची राणी आणि माओरी सरदार यांच्यातल्या १८४० च्या वाइताङी कराराच्या माओरी मसुद्यात राणीने माओरींना त्यांच्या सगळ्या ‘ताओङा’ची हमी दिली होती. ताओङा म्हणजे मौल्यवान ठेवा: जमीन, पाणी, कोरीवकाम, वंशावळी. हुइराङी वाइकेरेपुरू आणि त्यांची संस्था ‘ङा काइफाकापूमाउ इ ते रेओ’ यांनी वाइताङी न्यायाधिकरणापुढे प्रश्न टाकला, भाषा ताओङा आहे की नाही? १९८६ मध्ये उत्तर आलं: आहे, आणि नुसती आडकाठी न करणं पुरेसं नाही, राज्याने तिचं रक्षण करायला हात लावला पाहिजे. १९८७ मध्ये माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली.

इथेच थांबता आलं असतं. कागदावर नाव आलं होतं, तक्त्यातल्या माझ्या ङ सारखं. पण त्याच वर्षांत सरकार रेडिओ-टीव्हीच्या संस्थांच्या कंपन्या करत होतं आणि लहरींचे पट्टे विकायला निघालं होतं, आणि माओरी पुढारी पुन्हा कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं मला फार साधं आणि फार खोल वाटतं. भाषा जर ठेवा असेल आणि आजच्या घराघरांत भाषा पोचते ती हवेतून, तर ती हवा विकून टाकल्यावर ठेव्याचं रक्षण कशाने करणार? खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला. १९९३ मध्ये माओरींचं अपील फेटाळलं गेलं, पण भाषा सांभाळण्याची राज्याची जबाबदारी आणि सरकारने दिलेली वचनं त्या निकालात नोंदली गेली. हरलेल्या खटल्यातून वाट निघाली. त्याच वर्षी माओरी प्रसारणाला पैसा पुरवणारी ‘ते माङाई पाहो’ ही संस्था उभी राहिली आणि जमातींच्या रेडिओ केंद्रांना आधार मिळाला. अशी वीसेक केंद्रं आज देशभर आहेत.

टीव्हीचा पहिला प्रयत्न १९९६ मध्ये झाला आणि काही महिन्यांत, पैशांच्या गोंधळात, बंद पडला. दुसऱ्या प्रयत्नात, चॅनल सुरू व्हायच्या आधीच, परदेशातून आणलेल्या मुख्याधिकाऱ्याच्या पदव्या बनावट निघाल्या आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. वर्तमानपत्रांतून तेव्हा किती हेटाळणी झाली असेल याची कल्पना येते. नॅनची मुलगी म्हणाली होती, आमचं एक माणूस चुकलं की आमची सगळी भाषा चुकली असं धरतात. म्हणून त्या मार्चच्या पहाटेचं तिला इतकं अप्रूप होतं.

*

२५ एप्रिल २००६. अँझॅक डे, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. त्या वर्षी माओरी टेलिव्हिजनने पहाटेपासून रात्रीपर्यंत सलग प्रक्षेपण केलं. असं त्याआधी कुठल्याच वाहिनीने केलं नव्हतं. सरकारी वाहिनीवर वर्षानुवर्षं बातम्या देणाऱ्या, गोऱ्या घराघरांत ओळखीच्या असलेल्या ज्युडी बेली त्या दिवशी माओरी वाहिनीवर सूत्रसंचालन करत होत्या. मी सकाळच्या जादा शिफ्टला आले तेव्हा आमच्या मोठ्या दिवाणखान्यात, अंधारातच, दहा-बारा म्हातारी माणसं ब्लँकेटं पांघरून टीव्हीसमोर बसली होती. बरीचशी गोरी. नॅन मधोमध, चाकाच्या खुर्चीत.

नॅनचा मोठा भाऊ माओरी बटालियनच्या ए कंपनीत होता. ए कंपनी उत्तरेकडच्या पोरांची. जमिनीतून काउरी झाडाचा डिंक उकरून काढणाऱ्यांचा मुलूख म्हणून तिला ‘गमडिगर्स’ म्हणत. बटालियनमधून साधारण ३,६०० जण गेले, ६४९ परतले नाहीत. नॅनचा भाऊ ट्युनिशियात राहिला, १९४३ मध्ये. त्या काळात विरेमू पार्कर रेडिओवर माओरीत युद्धाच्या बातम्या वाचत. रेडिओ गावात एकाच घरी होता. नॅन तेव्हा बारा वर्षांच्या. सगळं गाव अंगणात बसून ऐकायचं, आणि त्यांच्या आईला इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना जगाच्या दुसऱ्या टोकाला आपला मुलगा कुठे आहे हे त्या आवाजामुळे कळत होतं.

शाळेत ज्या भाषेला छडी होती तीच भाषा सरकारने त्याच वेळी रेडिओवर लावली होती, कारण त्या भाषेतली पोरं युद्धाला हवी होती. हे मी नॅनना बोलून दाखवलं नाही. त्यांना ते माझ्याआधी पासष्ट वर्षं माहीत होतं.

दिवाणखान्यात पडद्यावर बटालियनचे म्हातारे चालत होते. शेजारच्या खुर्चीतल्या एका गोऱ्या आजोबांनी, ज्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती, नॅनना विचारलं, तो काय म्हणतोय? नॅननी सांगितलं. मग दिवसभर त्या सांगत राहिल्या. वर्षभरात मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

*

कौतुकच कौतुक होतं असं मात्र नाही. २००८ मध्ये ‘ते रेओ’ नावाचा दुसरा चॅनल आला: पूर्ण माओरी, खाली इंग्रजी अक्षरं नाहीत, जाहिराती नाहीत. मला वाटलं नॅन खूश होतील. आठवडाभर त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, ही पोरं छान बोलतात, पण कुठलीच नाहीत.

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. माओरी ही एक भाषा खरी, पण होकिआंगाची वेगळी, फाङानुई नदीकाठची वेगळी, पूर्व किनाऱ्याची वेगळी. तूहोई लोक ङ चा न करतात. दक्षिणेकडे त्याचा क होतो. नदीकाठच्या लोकांचा ह घशात अडतो. उत्तरेकडचा फ हा फ नाहीच, फ आणि ह यांच्या मधला एक श्वास आहे. टीव्हीवरची मुलं विद्यापीठांत शिकलेली. त्यांच्या बोलण्यात नवे, घडवलेले शब्द यायचे. संगणकाला ‘रोरोहिको’, विजेचा मेंदू. नॅनना तो शब्द आवडला होता. पण आपली आई जशी बोलायची तसं त्या पडद्यावर कुणीच बोलत नव्हतं.

ही तक्रार मला महत्त्वाची वाटते. भाषा वाचवायची तर एक प्रमाण रूप लागतं, आणि प्रमाण रूपाचा पाट वाहू लागला की ओढे आटतात. प्रमाण मराठी बोलत मोठ्या झालेल्या मला हे समजायला वेळ लागू नये, तरी लागला. म्हणूनच जमातींची ती छोटी रेडिओ केंद्रं मला मोठ्या चॅनलइतकीच, कदाचित जास्तच, मोलाची वाटतात. तिथे निवेदक गावातला असतो, ताङीची वर्दी देतो, म्हणजे कोण गेलं आणि तीन दिवसांचं उत्तरकार्य कुठल्या मराएवर, जमातीच्या सभास्थानी, आहे ते सांगतो, आणि सांगताना त्याचा फ त्याच्या आजीसारखा निघतो.

*

नॅन २०१२ च्या हिवाळ्यात गेल्या. त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांच्या मुलीने मला जुन्या चित्रफितींच्या एका खेळाला नेलं. जेम्स मॅकडॉनल्ड या संग्रहालयातल्या छायाचित्रकाराने १९१९ ते १९२३ या काळात माओरी वस्त्यांत जाऊन चित्रफिती काढल्या होत्या: गिझबर्न, रोटोरुआ, फाङानुई नदी, पूर्व किनारा. बरोबर एल्सडन बेस्टसारखे अभ्यासक होते, आणि पूर्व किनाऱ्यावर आपिराना ङाता आणि ते राङी हिरोआ हे माओरी विद्वानही. मेणाच्या नळकांड्यांवर गाणी घेतली गेली. हेतू असा की हे लोक बदलून जातील, त्याआधी टिपून ठेवावं. मग त्या फिती कितीतरी वर्षं पडून राहिल्या. १९८० च्या दशकात फिल्म आर्काइव्हच्या लोकांनी त्या दुरुस्त केल्या आणि एक फार शहाणपणाची गोष्ट केली: त्या घेऊन ते नदीकाठी, त्या माणसांच्या वंशजांकडे गेले.

मी पाहिलेल्या त्या खेळात पडदा मूक होता. ईल मासे पकडायचे सापळे विणणारे हात, दोऱ्याचे खेळ करणाऱ्या बायका, कॅमेऱ्याकडे बघून लाजलेलं पोर. पण सभागृह मूक नव्हतं. मागच्या रांगेतून एक बाई मोठ्याने एक नाव म्हणाली. मग दुसरं कुणीतरी दुसरं नाव. एका म्हाताऱ्याने उभं राहून पडद्यावरच्या बाईला उद्देशून भाषण केलं, ती समोर बसली आहे असं धरून. कुणाला ते विचित्र वाटलं नाही. मराएच्या सभागृहात गेलेल्यांचे फोटो भिंतीवर असतात आणि पाहुणे आधी त्यांना नमस्कार करतात, मग जिवंतांना. फोटो ही त्यांच्या लेखी वस्तू नाही, ते माणूस आहे.

मला तेव्हा आपले दोन शब्द आठवले. आपण वस्तूंचं जतन करतो. माणसांना सांभाळतो. म्हाताऱ्या आईचं जतन करते असं कुणी म्हणत नाही. मॅकडॉनल्डच्या फिती संग्रहालयात होत्या तोवर त्यांचं जतन झालं, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, कारण ते झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण नदीकाठी कुणीतरी नाव घेऊन हाक मारली तेव्हा त्यांना कुणीतरी सांभाळायला लागलं. त्याला माओरीत शब्द आहे, ‘काइतियाकी’: राखणारा, सांभाळणारा. मालक नव्हे.

हा शब्द मला पुन्हा भेटला तो संगणकाच्या संदर्भात. उत्तरेकडच्या काइताइयामध्ये ‘ते हिकू मीडिया’ नावाचं जमातींचं रेडिओ केंद्र आहे. तीसेक वर्षं त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांचे आवाज साठवले. ते ऐकून लिहून काढायला माणसं पुरणार नव्हती, म्हणून माओरी बोलणं ऐकून आपोआप लिहिणारी यंत्रणा करायचं त्यांनी ठरवलं. यंत्राला शिकवायला आवाज हवे होते. २०१८ मध्ये त्यांनी लोकांना आवाहन केलं की वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करा. दहा दिवसांत सुमारे अडीच हजार लोकांनी ३१० तासांचं वाचन दिलं. नॅनच्या मुलीनेही दिलं. ज्या बाईला पन्नाशीपर्यंत आईच्या तोंडचं वाक्य कळत नव्हतं तिने साठी ओलांडल्यावर रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात बसून यंत्राला माओरी शिकवलं.

मोठ्या कंपन्या या आवाजांसाठी आल्या, आणि ते हिकूने दिले नाहीत. त्यांनी स्वतःचा परवाना लिहिला, त्याचं नावच काइतियाकीवरून ठेवलं: हे आवाज आमच्या मालकीचे नाहीत, आम्ही त्यांचे राखणदार, आणि त्यांचा उपयोग ज्यांचे ते आहेत त्यांच्या भल्यासाठीच होईल. काही जणांना हे मागासलेपण वाटतं. सगळं खुलं असावं, ज्ञान अडवू नये, असं ते म्हणतात. मी त्यांच्या बाजूची नाही. आधी छडी मारून जी भाषा काढून घेतली ती उद्या महिन्याच्या वर्गणीवर त्याच लोकांना परत विकली जाणार असेल, तर दार लावून घेण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

*

ती तीन वर्षांची पणती आता विशीत आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. घर आवरताना नॅनची एक कॅसेट सापडली होती, १९८० च्या दशकातली. नॅन आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच, स्वयंपाकघरात बसून बोलत आहेत, मागे किटलीचा आवाज. त्यात घराण्याची वंशावळ आहे, म्हणून ती इंटरनेटवर कुठेच टाकायची नाही असं घरच्यांनी ठरवलं आहे. पण घरापुरती ती लिहून काढायचं काम हिने घेतलं. यंत्राकडून कच्चा मजकूर करून घेते आणि मग ऐकत ऐकत दुरुस्त करते. दोघी बहिणी भरभर, एकमेकींचं वाक्य तोडत बोलतात, तरी बरंचसं बरोबर येतं, म्हणाली. एका शब्दावर मात्र ती अडली होती. नॅन तो तीनदा म्हणतात आणि तिन्ही वेळा दोघी हसतात. यंत्राने तो तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिला होता. शब्दकोशात एकही सापडत नव्हता.

“तुमच्या वहीत असेल का?” तिने विचारलं.

तिने तेवढा तुकडा फोनवर ऐकवला. किटली, हसू, आणि नॅनचा आवाज, माझ्या ओळखीच्या आवाजाहून वीस वर्षांनी तरुण. मी वही काढली. पानं पिवळी पडली आहेत. अर्ध्या तासाने तो सापडला, २००७ च्या पानांत, माझ्या हस्ताक्षरात: सुरुवातीला ङ, पुढे काना, मधला श्वास कसा लिहावा ते न कळून मी फ लिहून त्याच्यावर छोटा ह काढला होता. समोर अर्थाची जागा रिकामी. लिहिता लिहिता कुणाच्या तरी खोलीची बेल वाजली असणार आणि मी उठून गेले असणार. परत येऊन विचारलं नाही.

“अर्थ नाही लिहिलेला,” मी म्हटलं.

“तुम्ही नुसता म्हणा.”

मी म्हटला. तिने म्हटला. तिने मला पुन्हा म्हणायला लावला, मधला श्वास नीट ऐकायला. मग म्हणाली, होकिआंगाला नॅनच्या एक चुलतबहीण आहेत, ब्याण्णव वर्षांच्या, ऐकू कमी येतं पण डोकं शाबूत आहे. शनिवारी सकाळी ती निघणार होती. फोनवर त्यांना कळणार नाही, समोर बसूनच विचारावं लागेल. गाडीत जागा आहे, तुम्ही वही घेऊन येता का?

चार तासांचा रस्ता आहे. शनिवारची शिफ्ट मी बदलून घेतली.